भडकल दरवाजाशेजारून रोज जाणाऱ्या कारभाऱ्यांना

छत्रपती संभाजीनगर
फेब्रुवारी २०२६

प्रति,
शहराचे सर्व कारभारी
(वारसा, रस्ते, पाणी, पर्यटन अशी वेगवेगळी टेबलं सांभाळणारे, आणि ती टेबलं कोणी सांभाळायची हे ठरवणारेही)

स. न. वि. वि.

पत्र खरं तर एकालाच लिहायचं होतं. पण भडकल दरवाजा नेमका कोणाच्या टेबलावर येतो हे विचारायला गेले, तर पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून जिना चढून तिसऱ्या, आणि पाऊण तासाने पुन्हा पहिल्याच खोलीत आले. तिथल्या साहेबांनी बसवून चहा पाजला. त्याबद्दल आभारच आहेत. पण उत्तर मिळालं नाही, म्हणून आता सगळ्यांना मिळून लिहिते, आणि चारचौघांत लिहिते.

मी निवृत्त शिक्षिका आहे. भूगोल शिकवायचे. शिक्षण, लग्न, नोकरी, सगळं याच शहरात. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान भडकल दरवाजापासून हाकेच्या अंतरावर होतं. दुकान म्हणजे काय, एक लोखंडी पेटी, हवा भरायचा पंप आणि पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारचा डबा पोचवायचं काम माझं. मे महिन्यात डांबर चपलेला चिकटायचं, पण वडील म्हणायचे, "चल, दरवाजात बसू." बाहेर वणवा आणि कमानीखाली माठाच्या तळासारखा गारवा. तिथे बसून आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचो. वडील चौथी शिकलेले. इतिहास त्यांना दोन ओळींत पाठ होता: हा दरवाजा हबशाने बांधला, आणि या गावाला पाणी पाजलं तेही हबशानेच. (हबशी म्हणजे इथिओपियाकडून आलेला माणूस.) पुढे मी पुष्कळ वाचलं, पण त्या दोन ओळी खोडाव्या लागल्या नाहीत.

आता पत्र लिहायचं निमित्त सांगते.

जानेवारीत एका दुपारी झेरॉक्सच्या दुकानात एक तरुण भेटला. इथे शिकायला आलेला, इथिओपियाचा. मोबाइलवर एका दरवाजाचा फोटो दाखवून तो दुकानदाराला पत्ता विचारत होता आणि दुकानदार त्याला मोठ्या आपुलकीने बीबी का मकबऱ्याचा रस्ता समजावून देत होता. मी म्हटलं, चल बाबा, मीच दाखवते. रिक्षाने गेलो. दरवाजा दिसला तसा तो चालता चालता हळू झाला. बराच वेळ मान वर करून बघत राहिला. मग त्याने साधाच प्रश्न विचारला: ज्यांनी हा बांधला त्यांचं नाव कुठे लिहिलं आहे?

आम्ही शोधायला लागलो. एका बाजूला एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. दुसऱ्या बाजूला कोणाची तरी निवड झाली होती, आणि अभिनंदन करणाऱ्यांचे पासपोर्ट साइज चेहरे खालच्या ओळीत दाटीवाटीने बसले होते. तिसरीकडे एका क्लासचा निकाल शंभर टक्के लागला होता. ज्याने हे शहर वसवलं त्याचं नाव आम्हा दोघांना काही दिसलं नाही. फ्लेक्सच्या मागे पाटी असेलही. मी त्या मुलाला तसंच सांगितलं. तो हसला आणि काही बोलला नाही. पाहुण्यासमोर घरातला पसारा उघडा पडावा तसं मला झालं.

तुमच्यापैकी बरेच जण बदली होऊन आलेले असाल, म्हणून दरवाजाची ओळख करून देते. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जावं. शिक्षकाची खोड आहे, जात नाही.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथिओपियात जन्मलेला एक मुलगा. चापू हे त्याचं लहानपणचं नाव म्हणून सांगितलं जातं. गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान आणि बगदादच्या बाजारांतून हात बदलत दख्खनला पोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतलं, आणि तो पेशवाही मूळचा हबशी गुलामच. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडला. निजामशाही संपली असं दिल्लीला वाटत असताना या माणसाने निजामशाही घराण्यातला वारस शोधला, त्याला परांड्याला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं ती गादी लढवली. हा मलिक अंबर. जहांगीर बादशहाला त्याचा इतका राग, की अंबरचं मुंडकं भाल्यावर टांगलंय आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय असं चित्र त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून काढून घेतलं. ते आज डब्लिनला आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं बादशहाला कधी मिळालं नाही, चित्रातच भागवावं लागलं.

१६१० मध्ये त्याने खडकी या गावाच्या जागी राजधानी वसवली. गाव आधीपासून होतं, हे मान्य. शहर त्याने केलं. १६१२ मध्ये मुघलांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. पुढे १६१६ मध्ये मुघल फौजांनी खडकी लुटली, जाळली, तरी त्याने ती पुन्हा उभी केली. या शहराचे पुढे बावन्न दरवाजे म्हणून नाव झालं, पण शहराचा तट बांधला गेला १६८२ मध्ये, औरंगजेबाच्या काळात, मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने. म्हणजे तटातल्या दरवाजांच्या आधी सत्तर वर्षं भडकल इथे उभा होता. बाकीचे दरवाजे शहराचा बंदोबस्त करण्यासाठी आहेत. भडकल हा शहर जन्मल्याचा दाखला आहे, आणि तुमच्याच कार्यालयांत जन्मदाखल्याला काय किंमत असते हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तक्रारी. क्रम महत्त्वाचा नाही, आठवेल तशा लिहिते.

पहिली फ्लेक्सची, ती वर आलीच. एवढंच जोडते की नुसता फ्लेक्स लागत नाही, त्याच्यासाठी दगडांच्या सांध्यात खिळा ठोकला जातो, तारेने ओढून बांधलं जातं. फ्लेक्स आठ दिवसांनी उतरतो. खिळा राहतो, गंजतो, फुगतो आणि पावसाळ्यात सांध्यातला चुना सोबत घेऊन पडतो. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे, बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालयाने किती वेळा खडसावलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. फ्लेक्सवर लावणाऱ्याचं नाव, फोटो आणि बहुधा मोबाइल नंबरही छापलेला असतो. आरोपी स्वतःच पत्ता देऊन जातो असे गुन्हे फार थोडे असतात.

दुसरी तक्रार पिंपळाची. हसू नका. चारशे वर्षांच्या बांधकामाला तोफेपेक्षा पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं बी जास्त धोक्याचं. सांध्यात रोप उगवतं, कोणीतरी कोयत्याने वरून छाटतं, आणि काम झाल्याची नोंद होते. वरून छाटलेला पिंपळ मरत नाही. मुळं जाड होतात, पुढच्या वर्षी तो दुप्पट जोराने फुटतो आणि दगडाला दगडापासून वेगळं करतो. मूळ काढायचं तर सांधा मोकळा करून, मूळ मारून, मग चुन्याने पुन्हा भरावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि कामाचा फोटो फारसा चांगला येत नाही.

आणि चुना म्हटलं की सिमेंट आलंच. कृपा करून, हात जोडून सांगते, या दरवाजाला सिमेंट लावू नका. आपला काळा पाषाण कठीण, पण त्याला धरून ठेवणारा चुना मऊ असतो, श्वास घेतो. आत गेलेली ओल त्याच्यातून बाहेर पडते. वरून सिमेंटचा लेप दिला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि सिमेंट शाबूत राहून आतलं जुनं काम भुसा होतं. वाळू-चुना घाण्यात मळून, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालून काम करणारे कारागीर अजून आहेत. गेल्या काही वर्षांत शहरातल्या काही दरवाजांची दुरुस्ती झाली, तिचं मी मनापासून कौतुक केलं आहे. पण दुरुस्ती लग्नासारखी एकदाच करायची गोष्ट नव्हे. ती दर पावसाळ्यापूर्वी आणि दर पावसाळ्यानंतर करायची असते, आमच्या आया घराची कौलं फिरवून घ्यायच्या तशी.

तिसरी तक्रार सांगायला लाज वाटते, पण ज्या कमानीत मी वडिलांबरोबर जेवले तिथे आज नाकाला पदर लावल्याशिवाय उभं राहवत नाही. जवळपास माणसांना जायला स्वच्छ जागा नाही, मग आडोसा दिसेल तो वापरला जातो. यात दोष नुसता लोकांचा नाही. रिक्षावाल्याने, भाजीवालीने दिवसभर जायचं कुठे? लघवीतला युरिया दगड खातो हे त्यांना शिकवण्याआधी त्यांना एक शौचालय द्या.

चौथी, गाड्या. खेटून उभ्या राहतात, खेटून जातात. यावर जास्त लिहीत नाही, दोन्ही बाजूंना चार दगडी खांब रोवले तर अर्धा प्रश्न सुटतो.

पाचव्या तक्रारीला मात्र वेळ लागेल, कारण ती पाण्याची आहे, आणि या गावात पाण्याचा विषय दोन वाक्यांत संपल्याचं मला आठवत नाही.

दरवाजा बांधून अंबर थांबला नाही. खडकाळ गावात राजधानी वसवली तर माणसं प्यायची काय, हा प्रश्न त्याने कागदावर न ठेवता जमिनीखाली सोडवला. उत्तरेला हरसूलच्या बाजूला, नदीच्या वरच्या अंगाला झिरपणारं भूजल भुयारात गोळा करायचं, उतार इंचाइंचाने साधत ते शहरापर्यंत आणायचं, आणि तिथून खापरी नळांनी हौदाहौदात सोडायचं. अशी ती नहर-ए-अंबरी. ना मोट, ना रहाट, ना पंप. पाणी आपल्या वजनाने चालत येई. मध्ये ठिकठिकाणी वरून उतरून साफसफाई करता यावी म्हणून उभी विवरं. त्याच्यामागून इतरांनीही नहरी काढल्या. पर्यटकांना आपण ज्या पाणचक्कीपुढे उभं करतो ती अठराव्या शतकातली, आणि तीही डोंगरातून अशाच आणलेल्या पाण्यावर फिरे. आयुष्यभर मी मुलांना समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवल्या. नकाशावर त्या रेषा बघून माणूस थक्क होतो. या माणसाने नकाशा नसताना त्या जमिनीखाली ओढल्या होत्या.

माझ्या लहानपणी आमच्या भागातल्या एका हौदात नहरीचं पाणी येत असे. आज त्या हौदावर दुकान आहे. शहर वाढलं, इमारतींचे पाये खणले गेले, बोअर घेतले गेले, गटाराच्या लायनी टाकल्या गेल्या, आणि खाली चारशे वर्षांचं भुयार आहे हे कित्येकदा कोणाच्या गावी नव्हतं. नहर एका ठिकाणी फुटली की पुढची सगळी कोरडी पडते, कारण ती साखळी आहे. तिची एक कडी पार्किंगखाली गेली तरी पुरे.

आता आजचं चित्र. पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडीहून पाणी उपसून आणतो. त्या धरणाचा जलाशय, नाथसागर, भरलेला असतानाही शहराच्या कित्येक भागांत नळाला पाणी दर दिवशी येत नाही, आठवड्यातून एकदा आलं तरी ते भाग्य समजतात. बाहेरच्या पाहुण्याला हे खरं वाटत नाही. आमच्याकडे लग्नाची तारीख काढताना मुहूर्तासोबत पाण्याची पाळी बघतात. नवी योजना १,६८० कोटींची ठरली, पुढे २,७४० कोटींवर गेली, उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. योजना पूर्ण व्हावी ही माझीही इच्छा आहे, त्यात उपरोध नाही. नहरीच्या पाण्यावर आजचं शहर भागणार नाही, एवढा हिशेब मला येतो. पण उरलेल्या नहरी वाचल्या तर बागा, रस्त्यांची झाडं, हौद, आसपासच्या विहिरी जगतील. आणि प्यायचं पाणी बागेला घालण्याची वेळ येणार नाही.

दरवाजाबद्दलच्या पत्रात नहर कशाला, असं कोणी म्हणेल. माझ्या मते ती एकच वास्तू आहे, अर्धी जमिनीवर, अर्धी जमिनीखाली. वरची अर्धी निदान दिसते.

सहावी तक्रार मोजता येणारी नाही. शहराला आपला संस्थापक आठवतच नाही. खुलदाबादला गाड्या भरभरून जातात, वाद होतात, पोलीस बंदोबस्त लागतो, आणि सगळ्या नजरा एकाच, औरंगजेबाच्या, कबरीकडे असतात. त्याच खुलदाबादेत मलिक अंबरचीही कबर आहे, त्याने स्वतः हयातीत बांधून घेतलेली. तिथे मी गेले तेव्हा दोन शेळ्या आणि मी. तो मे १६२६ मध्ये गेला. म्हणजे येत्या मे महिन्यात बरोबर ४०० वर्षं होतील. त्या निमित्ताने काही ठरलं असेल तर ते जाहीर करा, मला चुकीचं ठरवा, आनंद होईल.

इथे माझ्यावर एक आक्षेप येईल, तो आधीच घेते. नाव बदललं, म्हणून बाई पत्र लिहितात का? नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यावर औरंगाबाद आहे, आधार कार्डावर छत्रपती संभाजीनगर आहे, आणि दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये नीट राहतात. नावाचा वाद या पत्रात आणू नका. उलट, ज्यांना महाराजांचा अभिमान आहे त्यांनी तर हा दरवाजा डोळ्यांत तेल घालून जपला पाहिजे. अंबरची सगळी हयात मुघलांशी लढण्यात गेली. त्याच्या घोडदळात मराठे होते, गनिमी काव्याची त्याची रीत मराठा बारगिरांच्या, म्हणजे घोडेस्वारांच्या, जोरावर चालली. खडकीत त्याने जे पुरे, म्हणजे वस्त्या, वसवले त्यांत मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावं सापडतात. मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या भोसल्यांच्या नावांवरून पडलेली. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथे कामी आले. त्या लढाईतही अंबरने काय केलं, तर तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला. पाण्याचा माणूस तो, लढाईतही पाणीच आठवलं. पुढे शहाजीराजांचं त्याच्याशी बिनसलं, हेही खरं. पण जमिनीचा कस पाहून शेतसारा ठरवण्याची त्याची पद्धत टिकली आणि दादोजी कोंडदेवांनी पुण्याच्या जहागिरीत तीच चालवली. वेरूळ, भोसल्यांचं मूळ गाव, इथून तासाभराच्या अंतरावर. एवढं सगळं असून हा माणूस परका कसा, ते मला कोणी तरी समजावून सांगा.

शिवाय भडकल दरवाजापाशीच बाबासाहेबांचा पुतळा आहे. चौदा एप्रिलला तिथे निळा सागर लोटतो. बाजारात विकल्या गेलेल्या माणसाने बांधलेला दरवाजा आणि त्याच्यासमोर बाबासाहेब. अशी जागा मुद्दाम शोधून मिळाली नसती. ती आपल्याला फुकट मिळाली आहे, आणि फुकटच्या गोष्टीची आपण ठेवतो तशीच किंमत ठेवली आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. पुतळा नको, उत्सव नको, लेझर शो तर अजिबात नको.

१. भडकल दरवाजाची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची, हे एका ओळीत लेखी सांगा, आणि त्या अधिकाऱ्याचं पदनाम दरवाजापाशी लिहा. नाव नको, पदनाम पुरे. माणसं बदलतात.

२. दरवाजावर आणि त्याच्या भोवतीच्या ठरावीक हद्दीत एकही फ्लेक्स, केबल, खिळा नको. लावणाऱ्यावर कायद्याप्रमाणे कारवाई, तो कोणत्याही पक्षाचा असो. फलकावर ज्याचा वाढदिवस असेल त्यालाही विचारा.

३. एक दगडी पाटी. मराठी, उर्दू, इंग्रजी. वसवणारा कोण, कधी, कशासाठी, एवढंच. उद्घाटकाचं नाव त्याच दगडावर कोरू नका, फार वाटलं तर बाजूला छोटी पाटी लावा. मजकूर शुद्ध असावा. मी विनामोबदला तपासून देईन, लाल पेन अजून आहे.

४. दुरुस्ती चुन्यातच, जाणकार कारागिरांकडून, वर्षातून दोनदा पाहणी, आणि पाहणीचा अहवाल लोकांना वाचायला खुला.

५. नहरींचा नकाशा. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. उरलेल्या नहरी, विवरं, हौद यांची मोजणी करून त्या विकास आराखड्याच्या नकाशावर दाखवा, आणि त्या रेषेवर बांधकामाला, बोअरला परवानगी देण्याआधी तो नकाशा उघडून बघण्याची सक्ती करा. मोजणीला अभियांत्रिकी आणि भूगोलाचे विद्यार्थी आनंदाने येतील. मी माझे जुने विद्यार्थी गोळा करते. त्यांतले काही आता स्वतःच ठेकेदार आहेत, त्यांना तर येणं भागच आहे.

६. जवळपास एक स्वच्छ, पाणी असलेलं शौचालय, बायकांसाठीही.

७. मे महिन्यात, चारशे वर्षांच्या निमित्ताने, शहरातल्या शाळांमधल्या मुलांना एकदा भडकल दरवाजा आणि नहरीचं एक विवर दाखवा. भाषणं नकोत. मुलांना कमानीखाली दहा मिनिटं बसू द्या. मे आहे, ऊन असेल, बाकीचं त्यांना आपोआप कळेल.

यातल्या कशाला किती खर्च येईल, हे तुम्हाला काढता येतं. पहिल्या मागणीला तर एक कागद आणि एक शिक्का लागतो. तिथून सुरू करा.

ज्या मुलाने नाव विचारलं होतं, तो जूनमध्ये परत आपल्या देशी जाणार आहे. जाण्याआधी त्याला पुन्हा एकदा दरवाजापाशी न्यायचं मी कबूल केलं आहे.

उत्तर लेखी पाठवलंत तर उत्तम. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर मी रोज सकाळी साडेसहाला फिरायला म्हणून भडकल दरवाजापर्यंत येते आणि पंधरा मिनिटं तिथल्या कट्ट्यावर बसते. आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचा दिवस तेवढा सोडून.

आपली,
दरवाजापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली एक निवृत्त शिक्षिका